हिमालयात एक दिवस वाचवू नका: उंचावरच्या ट्रेकमधल्या नेहमीच्या चुका

दिवाळीची सुट्टी, तिला जोडून चार रजा, अलीकडे-पलीकडे शनिवार-रविवार. एव्हरेस्ट बेस कॅम्पचा बेत आपल्याकडे बहुधा असाच, कॅलेंडर समोर ठेवून ठरतो. काठमांडूला जाण्यायेण्याचे दिवस वगळून हिशोब अकरा दिवसांवर येतो. नुसत्या चालण्याला बारा दिवस लागतात. मग कुणीतरी म्हणतं, "वाटेतल्या डिंगबोचेला दोन रात्री कशाला? आपण सगळे अलंग-मदन-कुलंग केलेले आहोत." एक रात्र खोडली जाते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पुढे वर गेल्यावर जे बिघडतं, त्यातलं बरंचसं मला त्या खोडलेल्या रात्रीत दिसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

चूक पहिली: सह्याद्रीचा हिशोब खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसरात, लावणं

कळसूबाई १,६४६ मीटर. बेस कॅम्पच्या ट्रेकमध्ये विमान जिथे उतरवतं ते लुकलाच २,८६० मीटरवर आहे, म्हणजे पहिलं पाऊल टाकण्याआधीच आपण आपल्या सगळ्यात उंच शिखराच्या हजार-बाराशे मीटर वर असतो. सह्याद्रीत दम लागला की रेटून चालायचं, कातळटप्पा पार करायचा आणि वर जाऊन पाठ टेकायची, ही सवय आपल्या अंगात मुरलेली असते. सवय चांगलीच आहे, पण विरळ हवेपुढे तिचा उपयोग होत नाही.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्क्यांच्या आसपासच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पला, ५,३६४ मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच ऑक्सिजन. शरीर याला जुळवून घेतं: श्वास खोल आणि भरभर होतो, मूत्रपिंड रक्तातला रासायनिक तोल बदलतात. याला दिवस लागतात आणि व्यायामाने हे दिवस कमी होत नाहीत. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याला वर चालताना त्रास कमी होईल, पण उंचीच्या आजारापासून त्याचा बचाव होणार नाही. उलट पायात ताकद असलेला माणूस पटकन वर पोचतो आणि नेमका तोच अडचणीत येतो.

डॉक्टरांनी घालून दिलेला नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढायची. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या. बेस कॅम्पच्या वाटेवर म्हणूनच नामचेला (३,४४० मी.) दोन रात्री असतात आणि डिंगबोचेला (४,४१० मी.) दोन. त्याला 'आरामाचा दिवस' म्हणतात खरं, पण त्या दिवशी लोळत पडू नका. डिंगबोचेच्या मागच्या नांगकारत्सांगच्या कड्यावर सावकाश चढून जा, थोडं थांबा, दुपारपर्यंत खाली या. पुढे लोबुचे ४,९४० आणि गोरकशेप ५,१६४ मीटर आहे, त्या दोन रात्रींची तयारी इथेच होते.

एजन्सी निवडताना पैशांआधी त्यांचा दिवसवार तक्ता मागा, प्रत्येक मुक्कामासमोर उंची लिहा आणि वजाबाकी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

हीच वजाबाकी जगात कुठेही करावी लागते. लेहला विमान थेट ३,५०० मीटरवर उतरवतं, तिथे पहिले दोन दिवस काहीही न करणं हाच कार्यक्रम असायला हवा. पेरूमध्ये लोक माचू पिच्चूच्या उंचीची काळजी करतात, पण ते २,४३० मीटरवर आहे. त्रास होतो तो त्याआधी, समुद्रकाठच्या लिमाहून विमानाने कुस्कोला, सुमारे ३,४०० मीटरवर, उतरल्यावर. पहिल्या रात्री खालच्या ओयांतायतांबोला काढल्या तर इंका ट्रेलवरची ४,२०० मीटरची खिंड बरीच सुसह्य होते. किलिमांजारो ५,८९५ मीटर आहे आणि तरीही पाच दिवसांत वर नेऊन आणणाऱ्या सहली विकल्या जातात. तिथले गाईड दिवसभर "पोले पोले", सावकाश सावकाश, म्हणत राहतात. जादा दिवसांचे पैसे द्या आणि लांबची वाट घ्या.

चूक दुसरी: डोकेदुखी लपवणं

ही मी स्वतः केली आहे. लोबुचेला पोचलो त्या संध्याकाळी डोकं ठणकत होतं. ग्रुपमध्ये वयाने मोठा मीच, सगळ्यांना सल्ले देत आलेला. गुपचूप पॅरासिटामॉल घेतली आणि "थंडी वाजतेय" म्हणून स्लीपिंग बॅगमध्ये शिरलो. रात्री ताटातला डाळभात तसाच राहिला. तो गाईडने पाहिला. त्याने काही न विचारता मला बाहेर नेलं, फरशीवर एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत दहा पावलं सरळ चालायला सांगितलं. ती मी चाललो. "तोल ठीक आहे, पण उद्या वर नाही," तो म्हणाला. सकाळी डोकं तसंच होतं. बाकीचे वर गेले आणि मी त्याच्या मदतनीसासोबत फेरिचेला उतरलो. पाचशे-सहाशे मीटर खाली आल्यावर दुपारी चक्क भूक लागली. बेस कॅम्प त्या वर्षी राहिला. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो, डिंगबोचेला एक रात्र जास्त ठेवून, आणि पोचलो.

उंचीवर डोकं दुखलं, मळमळलं, जेवण नको वाटलं, चक्कर आली की तो उंचीचाच त्रास समजायचा, दुसरं कारण सापडेपर्यंत. ऊन लागलं, पित्त झालं, झोप झाली नाही, ही कारणं आपल्या तोंडी तयार असतात. गोळी घ्यायला हरकत नाही, पण गोळी घेऊन वर जाऊ नका. त्रास आहे तोवर आहे त्या उंचीवर थांबा. वाढला तर खाली उतरा.

ग्रुपमध्ये रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाला नाव घेऊन विचारण्याची पद्धत ठेवा: डोकं? भूक? लघवी नेहमीसारखी? सगळ्यांसमोर विचारलं की लपवाछपवी कमी होते. पुढाऱ्याने स्वतःपासून सुरुवात करावी.

कापूर, ऑक्सिजनचा डबा आणि इतर दिलासे

आपल्याकडच्या ट्रेकरच्या खिशात कापराची पुरचुंडी असतेच. हुंगल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. हुंगायचा तर हुंगा, पोटात मात्र चुकूनही घेऊ नका, कापूर विषारी आहे. हातात मावणारे ऑक्सिजनचे डबे काही मिनिटांत संपतात आणि त्या काही मिनिटांच्या बरं वाटण्यावर माणूस आणखी दोन तास वर चढतो. लसणाचं सूप जरूर प्या, गरम असतं आणि पोटाला बरं, औषध म्हणून नको. पाणीही पाच-सहा लिटर कोंबून पिण्याची गरज नाही. अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्याची लक्षणं पुन्हा डोकेदुखी-मळमळ हीच, म्हणजे गोंधळात भर. लघवी फिकट राहील इतकं पाणी पुरतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर टाळाच, झोपेतला श्वास त्यांनी आणखी मंदावतो.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि आता तो ट्रेकलाही येतो. घरी ९० च्या खालचा आकडा बघून धावपळ केलेली असते, त्यामुळे वर ८२ दिसलं की काळजाचा ठोका चुकतो. पाच हजार मीटरवर ऐंशीच्या घरातला आकडा असणं नेहमीचं आहे. बोटं गार पडलेली असतील, नखांवर नेलपॉलिश असेल तर तोही खोटा येतो. उलट ८८ आकडा असलेल्या माणसाचं डोकं फुटत असू शकतं. निर्णय लक्षणांवर घ्या.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल एक समज फार पसरलेला आहे, की ती त्रास लपवते. तसं नाही. ती शरीराची जुळवून घेण्याची प्रक्रिया लवकर घडवते, म्हणून ती घेऊन बरं वाटत असेल तर खरंच बरं असतं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. आणि ही गोळी खोडलेल्या रात्रीची भरपाई करत नाही.

रात्री अचानक दचकून जाग येते, श्वास काही क्षण थांबल्यासारखा वाटतो, मग तीन-चार खोल श्वास. शेजारी झोपलेल्याचं असं ऐकून घाबरणारे खूप आहेत. विरळ हवेत झोपेतला श्वास असा लयीत कमी-जास्त होतोच. बाकी माणूस बरा असेल तर काळजी नको.

रात्री दोन वाजता

घाबरायचं कधी, ते मात्र पक्कं माहीत हवं. बसल्या जागी धाप लागते, छातीत घरघर ऐकू येते, खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी पडते: फुफ्फुसात पाणी साठतंय. सरळ रेषेत चालता येत नाही, बोलणं असंबद्ध होतं, बुटाची नाडी बांधायला वेळ लागतो, माणूस विनाकारण चिडतो किंवा गप्प होतो: मेंदूला सूज येतेय. खुंबूत कोरड्या गार हवेने सगळेच खोकतात, त्यासाठी तोंडावर बफ, म्हणजे गळ्यातलं नळीसारखं कापड, ओढून घ्या. पण आराम करूनही न थांबणारी धाप हा त्यातला खोकला नव्हे.

यातलं काहीही दिसलं तर उजाडायची वाट पाहत बसू नका. वाट सुरक्षित असेल तर हेडटॉर्च लावून, सोबत धडधाकट माणूस घेऊन उतरा. अनेकदा ३०० मीटरमध्येच फरक पडू लागतो, हजारापर्यंत उतरावं लागलं तरी उतरावं. रुग्णाला एकटं सोडू नका, आणि "मी ठीक आहे" या त्याच्या शब्दावर जाऊ नका, कारण सुजलेला मेंदूच ते बोलतोय. लोबुचेहून फेरिचे खालच्या अंगाला आहे आणि तिथे १९७३ साली स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र हंगामात चालू असतं. जाताना तिथल्या दुपारच्या उंचीविषयीच्या व्याख्यानाला बसा. उतरणं शक्यच नसेल तर ऑक्सिजन, दाबाची फुगवायची पिशवी, मेंदूच्या सुजेवर डेक्सामेथासोन आणि फुफ्फुसातल्या पाण्यावर निफेडिपिन ही साधनं आहेत. यातलं काय गाईडकडे आहे आणि ते वापरता येतं का, हे काठमांडूतच विचारा. औषधांचे डोस तुमच्या डॉक्टरांकडून मराठीत कागदावर लिहून घ्या, त्या वेळी कुणाला काही आठवत नाही.

चूक तिसरी: आभाळाशी पैज

ऑक्टोबर म्हणजे निरभ्र हिमालय, असं आपण धरून चालतो. पण तोच बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचाही हंगाम. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याचं उरलेलं बाष्प नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किट या ट्रेकच्या वाटेवर बर्फ होऊन कोसळलं. ५,४१६ मीटरवरच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात आणि आसपास मिळून चाळीसहून अधिक माणसं गेली. पहाटे निघालेल्यांपैकी अनेकजण खिंडीजवळ पोचल्यावर, पुढे-मागे काही दिसत नसताना, मुक्तिनाथकडे उतरू लागले होते. खिंड ओलांडायच्या आदल्या दिवशी उपसागरात काही शिजतंय का, हे टी हाउसच्या, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या घराच्या, वायफायवर बघायला दोन मिनिटं लागतात. बर्फ सुरू झालं आणि खिंड अजून दूर असेल तर मागे फिरा, खिंडीखालच्या थोरोंग फेदीला आणखी एक रात्र काढा. ती रात्र तुमच्या तक्त्यात शिल्लक असेल तरच हा निर्णय सहज घेता येतो.

परतीचंही तसंच. लुकलाचं विमान ढग आले की उडत नाही, कधी दोन-तीन दिवस. गर्दीच्या हंगामात बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, तिथे पोचायला मध्यरात्रीनंतर चार-पाच तास गाडीत बसावं लागतं. दुसऱ्याच दिवशीचं मुंबईचं तिकीट काढून ठेवलेला माणूस वर बरं नसतानाही थांबत नाही. निदान दोन मोकळे दिवस शेवटी ठेवा.

सामानातलं थोडं

बूट नवे नकोत हे सगळे सांगतात. जुन्यांचं कुणी सांगत नाही. दोन-चार पावसाळे कोकणात किंवा मुंबईच्या दमट कपाटात पडून राहिलेल्या बुटांचा मधला फोमचा थर आतून भुसभुशीत होतो. वरून बूट कोरा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी तळवा सुटून हातात येतो. निघण्याआधी महिनाभर त्यांच्यावर भरलेली सॅक घेऊन चढा आणि विशेषतः उतरा.

विम्यात ६,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका हे शब्द स्वतः शोधा, नसतील तर तो विमा इथे उपयोगाचा नाही. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीला फोन करा. साध्या त्रासातही पर्यटकांना हेलिकॉप्टरमध्ये बसवून बिलं लावण्याचे प्रकार २०१८ मध्ये नेपाळमध्ये उघडकीला आले होते. खरी गरज असेल तेव्हा मात्र खर्चाचा विचार करू नका. नामचेनंतर एटीएम नाही, नेपाळी रोकड तिथेच काढा.

परदेशातल्या ट्रेकसाठी घेतलेलं सॅटेलाइट संदेशयंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रासाठी परदेशी पाहुण्यांवर कारवाई झाली आहे. ते तिथेच भाड्याने घ्या, तिथेच परत करा.

पोर्टर

तुमची डफल बॅग उचलणारा मुलगा अनेकदा खुंबूतला नसतो, खालच्या टेकड्यांमधल्या गावातून आलेला असतो. उंची त्यालाही लागते. डोकं दुखतंय असं तो सांगत नाही, कारण सांगितलं की रोज बुडेल अशी त्याला भीती असते. तुमचा तक्ता एका रात्रीने आखूड झाला तर त्याचाही झाला, वर पाठीवर दोघांचं सामान. दोन ट्रेकरमागे एक पोर्टर असेल तर दोघांचं मिळून वीस-बावीस किलोच्या वर जाऊ देऊ नका. त्याच्याकडे बूट, हातमोजे आणि रात्रीचं पांघरूण आहे का, हे लुकलालाच बघा. संध्याकाळी टेबलावर सगळ्यांना विचारून झालं की स्वयंपाकघरात चुलीपाशी जाऊन त्यालाही विचारा: "भाइ, टाउको दुख्यो?" म्हणजे डोकं दुखतंय का? दुखत असेल तर त्याचं ओझं वाटून घ्या, सोबत माणूस देऊन त्याला खाली पाठवा आणि ठरलेल्या सगळ्या दिवसांचे पैसे त्याच्या हातात द्या.