जॉर्जटाउनमध्ये चौघांनी कसं खावं

मलेशियातल्या पेनांगला, म्हणजे तिथल्या जॉर्जटाउन शहरात, जाताना चौघं तरी जा. एकट्याचं पोट दोन पदार्थांतच भरतं. चौघांत प्रत्येक पदार्थाची एकेक प्लेट मागवून सगळं चाखता येतं.

ऊन चढायच्या आत मस्जिद कपितान केलिंग रस्त्याने पायी निघा. 1818 सालचं सेंट जॉर्ज चर्च, उदबत्त्यांच्या धुरातलं क्वान यिन या चिनी देवीचं देऊळ, मरिअम्मनचं देऊळ आणि मशीद, सगळं थोड्याशा चालीत.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्या एकत्र असतात तिथे, आधी टेबल धरा. मग एकेकाने एकेक गाडी गाठायची, टेबल नंबर सांगायचा, पैसे प्लेट आल्यावर द्यायचे. पेयं विकणारा वेगळा येतो, त्याच्याकडून काहीतरी घ्याच.

सुरुवात आसाम लाक्साने करा. कोकणातल्या माणसाला हा लगेच आपलासा वाटेल: बांगड्याचा, चिंचेचा आंबट-तिखट रस्सा, त्यात तांदळाच्या जाड शेवया, वर पुदिना, काकडी, अननस. सोबत चमच्यात कोळंबीची काळी, दाट पेस्ट येते. ती आधी अर्धीच कालवा, चव बघा, मग उरलेली. माझ्या मते पेनांगमध्ये याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

‘चार क्वे त्याओ’ म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया; त्या मोठ्या आचेवर परततात, गरम असतानाच संपवा. चिनी गाड्यांवर त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, न खाणाऱ्याने आधी विचारावं. शाकाहारी मित्राला लिटल इंडियात न्या, कारण इतरत्र भाजीतही बऱ्याचदा सुक्या कोळंबीचं वाटण असतं.

रात्री तमिळ मुस्लिमांचं नासी कांदर. भातावर दोन-तीन रस्से एकत्र घालून मागा.