जड स्क्रीड यंत्रासाठी शटरिंग आणि टेकू निवडताना या चुका टाळा

आंब्याच्या पॅकिंग शेडचा कोबा असो, मासळी उतरवण्याचा ओटा असो किंवा वाडीत जाणारा काँक्रीटचा रस्ता असो, पृष्ठभाग खालीवर झाला की बहुतेक वेळा दोष मिश्रणाला किंवा यंत्र चालवणाऱ्याला दिला जातो. वास्तविक स्क्रीड यंत्र, म्हणजे ओले काँक्रीट कंपनाने ओढून सपाट करणारे यंत्र, स्वतः पातळी ठरवत नाही. ज्या दोन कडांवरून ते सरकते, त्यांचीच पातळी ते काँक्रीटवर उतरवते. म्हणून कडेचे शटरिंग, म्हणजे ओले काँक्रीट अडवणारी चौकट, निवडताना ते यंत्राचा रूळ आहे हे आधी लक्षात घ्यावे लागते.

सर्वांत मोठी चूक इथेच होते. शटरिंग केवळ काँक्रीटचा आडवा दाब सोसण्यापुरते निवडले जाते. 20 सेंमी जाडीच्या ओल्या काँक्रीटचा हा दाब दर मीटरला साधारण 50 किलो, तर 15 सेंमी जाडीला 30 किलोच्याही आत असतो. तो सुताराच्या नेहमीच्या अंदाजात बसतो. मात्र यंत्र 400 किलोचे असेल तर प्रत्येक कडेवर 200 किलो भार येतो, आणि तोही एका जागी न थांबता थरथरत पुढे सरकतो. 50 मिमी जाड आणि 150 मिमी उंच अशी उभी फळी दर दीड मीटरवर टेकलेली असेल, तर या भाराखाली ती मध्यभागी सुमारे 1 मिमी वाकते. टेकूंमधले अंतर 3 मीटर केले की वाक दुप्पट न होता आठपट होतो, म्हणजे 8 ते 9 मिमी. फळी 25 मिमीची घेतल्यास हे आकडे आणखी दुप्पट होतात. त्यामुळे जड यंत्रासाठी लोखंडी चॅनेलच घ्यावे, आणि त्याची उंची लादीच्या, म्हणजे ओतायच्या काँक्रीटच्या थराच्या, जाडीइतकी असावी. कमी उंचीच्या चॅनेलखाली जांभ्याच्या कपच्या सारून उंची गाठण्याची सवय तर सोडूनच द्यावी, कारण कंपनाने त्या एकेक करून निसटतात.

चॅनेल स्वतः फारसे वाकत नाही; दबते ती त्याच्याखालची जमीन, आणि कोकणात ती काही पावलांवर बदलते. सड्यावरच्या कातळात चॅनेल धरून ठेवणारी खुंटी ठोकून जात नाही, म्हणून ती अर्धवटच शिरवून काम भागवले जाते आणि यंत्र आले की चॅनेल बाहेर झुकते. तिथे ड्रिलने भोक पाडूनच खुंटी बसवावी आणि चॅनेलखालची पोकळी सिमेंटच्या मसाल्याने भरून तो घट्ट होऊ द्यावा. किनाऱ्यालगतच्या पुळणीत उलट अडचण असते: खुंटी सहज जाते आणि तितक्याच सहज सैल होते. तिथे लांब खुंट्या, बाहेरून तिरके टेकू आणि चॅनेलखाली रुंद फळी किंवा पत्रा लागतो. खार जमिनीवर मुरमाचा दाबलेला थर नसेल, तर जड यंत्राऐवजी हलका कंपन बीम (काँक्रीटवरून ओढायची थरथरणारी पट्टी) वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. भरावाच्या मुरमावर धुमस फिरवताना शटरिंगची रेघ अनेकदा राहून जाते, कारण धुमस लादीच्या हद्दीपर्यंतच चालवला जातो. तो हद्दीबाहेर निदान फूटभर तरी फिरला पाहिजे.

याची परीक्षा सोपी आहे. काँक्रीट येण्यापूर्वी यंत्र रिकामेच, कंपन चालू ठेवून, पूर्ण लांबीभर न्यावे आणि एकाने कडेला बसून चॅनेलच्या खालच्या कडेकडे पाहावे. यंत्र वरून जाताना मुरमाचे बारीक कण उडून फट दिसू लागली, किंवा यंत्र पुढे गेल्यावर चॅनेल किंचित वर उसळले, तर तिथे आधार नाही असे समजावे. रात्री पाऊस पडून गेला असेल, तर आदल्या दिवशी जुळवलेली पातळी सकाळी पुन्हा तपासणे अपरिहार्य आहे.

वरच्या मजल्याच्या स्लॅबवर यंत्र चालवायचे असल्यास प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण यंत्राचे वजन आणि त्यापुढे साचलेला काँक्रीटचा ढीग हा सगळा भार खालच्या टेकूंवर येतो. खाऱ्या हवेत लोखंडी प्रॉपची (उंची कमीजास्त करता येणाऱ्या टेकूची) पिन गंजून झिजते किंवा हरवते आणि तिच्या जागी सळईचा तुकडा घातला जातो. हे कधीही चालवून घेऊ नये. सुरूचे वासे लावायचे असल्यास ते सरळ, न तडकलेले असावेत आणि त्यांना आडवी-तिरकी बांधणी असावी. सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या या आधाराचा, आराखडा अभियंत्याने यंत्राचे वजन धरूनच करावा.

दोष दिसल्यावर त्याचे रूप नीट पाहावे. ठरावीक अंतराने उतार-चढ येत असेल तर टेकू लांब पडले आहेत. एकाच जागी पायरीसारखा उंचवटा असेल तर दोन चॅनेलचा जोड वरखाली आहे. कडेला खडी उघडी पडली असेल तर शटरिंगखालच्या फटीतून सिमेंटचे पाणी वाहून गेले आहे.

काम चालू असताना कड खचली, तर यंत्र वर असतानाच पाचर ठोकू नये. ते मागे घ्यावे, चॅनेल उचलून आधार भरावा, दोरीने पातळी जुळवावी आणि काँक्रीट आवळण्यापूर्वी तेवढा भाग पुन्हा ओढावा. कडेचे शटरिंग 16 ते 24 तासांनंतर काढता येते. आधी खुंट्या उपटाव्यात आणि मग चॅनेल सरळ बाहेर ओढावे, वरच्या दिशेने उचकटल्यास लादीची ताजी कड तुटते. स्लॅबखालचे टेकू मात्र आयएस 456 या काँक्रीट कामाच्या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस ठेवावे लागतात.