गणिती सॉफ्टवेअरमध्ये मॅथएमएलचा सपोर्ट कसा घालावा

मुक्त-स्रोत गणिती सॉफ्टवेअरला मॅथएमएल (गणित लिहिण्याची एक्सएमएल-आधारित भाषा) जोडायचं म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: ‘लाटेक निघतंयच ना, त्याचंच रूपांतर करा.’ हे अजिबात करू नका. लाटेक ही गणित छापण्यासाठीची भाषा, तिच्या ओळीत पदावली दिसते कशी, एवढंच बहुतेक उरतं. पदावलीचा अर्थ तुमच्या सॉफ्टवेअरच्या ट्रीमध्ये, म्हणजे ती आत साठवणाऱ्या फांद्यांच्या रचनेत, आधीपासून आहे. तो टाकून द्यायचा आणि मग मजकुरात शोधत बसायचं, याला काय अर्थ आहे?

आधी काय हवंय ते ठरवा. १९९८च्या पहिल्या आवृत्तीपासून मॅथएमएलचे दोन भाग आहेत: दिसण्यासाठी प्रेझेंटेशन आणि अर्थासाठी कंटेंट. पडद्यावर दाखवायचं असेल तर प्रेझेंटेशन, तेही मॅथएमएल कोअरमध्ये, म्हणजे ब्राउझरांसाठी ठरवलेल्या मोजक्या भागात, बसेल एवढंच. क्रोमनेही २०२३पासून, १०९व्या आवृत्तीत, कोअर घेतलं आहे. दुसऱ्या गणिती प्रोग्रामला द्यायचं असेल तर कंटेंट. ‘सेमँटिक्स’ टॅगमध्ये दोन्ही एकत्र देता येतात, आणि जमत असेल तर तसंच द्या.

बाहेर पाठवणं सोपं आहे. ट्रीच्या प्रत्येक प्रकारच्या नोडला एक फंक्शन लिहा, कंस अग्रक्रम पाहून घाला, वजाबाकीला हायफन न वापरता युनिकोडमधलं यू+२२१२ हे खरं वजाचिन्ह द्या. अदृश्य गुणाकाराचं चिन्ह अंकी कोडने लिहा. नावाने लिहिलेलं चिन्ह (एंटिटी) त्या नावांची व्याख्या देणारी फाइल (डीटीडी) नसलेल्या एक्सएमएल पार्सरला, म्हणजे मजकूर वाचून रचना काढणाऱ्या प्रोग्रामला, कळत नाही. कंटेंटमध्ये ‘लॉग’ला पाया दिला नाही तर तो १० धरला जातो. सिमपायसारख्या गणिती प्रोग्राममध्ये लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, म्हणून तिथून बाहेर जाताना ‘एलएन’च लिहायला हवं.

खरी परीक्षा आहे प्रेझेंटेशन वाचून आत घेण्याची. मी सर्वांत जास्त अडकलो ते इथेच.

पहिली गोष्ट, एक्सएमएलची रचना म्हणजे पदावलीची रचना असं समजू नका. ‘एम-रो’ (घटक एका ओळीत ठेवणारा टॅग) म्हणजे कंस नव्हे. बेरीज, गुणाकार, कंस हे सगळं एकाच ‘एम-रो’मध्ये सपाट पसरलेलं सर्रास सापडतं. आधी टोकनांची (सुट्या अंक-चिन्हांची) यादी करा, मग तिच्यावर अग्रक्रम पाहणारा पार्सर चालवा. (ए+बी)चा वर्ग घ्या. कित्येक एडिटर घातांक अख्ख्या कंसाला न लावता फक्त बंद होणाऱ्या कंसाच्या चिन्हाला लावतात. ‘एम-सप’चा (घातांकाच्या टॅगचा) पाया बंद कंस असेल तर आधी कंस पूर्ण करा, मग घात लावा. ही सोय नसली तर बाहेरच्या फायली पटापट नापास होतील.

दुसरी गोष्ट, एफ(एक्स+१). हे फल (फंक्शन) की गुणाकार? मध्ये यू+२०६१ हे अदृश्य चिन्ह असेल तर फल, यू+२०६२ असेल तर गुणाकार. पण हे चिन्ह बऱ्याचदा नसतंच. ‘एफ, जी, एच दिसले की फल धरा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. भौतिकशास्त्रात एफ बल असतं आणि एच प्लँकचा स्थिरांक. माझा क्रम ठरलेला आहे. सेमँटिक्समध्ये कंटेंट असेल तर तेच घ्या. नसेल तर अदृश्य चिन्ह पाहा, मग मॅथएमएल ४मधला अर्थ सांगणारा ‘इंटेंट’ गुणधर्म, मग वापरकर्त्याने चालू सत्रात एफची काय व्याख्या केली आहे ते. यातलं काहीच नसेल तर थांबून वापरकर्त्याला विचारा. गुपचूप अंदाज कधीही करू नका. चुकीच्या अर्थानेही उत्तर येतंच, आणि ते कुठे बिघडलं हे नंतर कुणालाच सापडत नाही.

साइनच्या डोक्यावर २ असेल तर वर्ग, पण −१ असेल तर व्यस्त फल. म्हणून फलाच्या नावावर घातांक दिसला की निर्णय लगेच न घेता तो बाजूला ठेवा आणि पुढचं पद मिळाल्यावर लावा.

जुन्या फायलींमधला ‘एम-फेन्स्ड’ (कंस घालणारा टॅग) वाचता आला पाहिजे, पण स्वतः कधी लिहू नका. तो कोअरमध्ये नाही.

चाचणी करताना मजकूर जुळवत बसू नका. पदावली बाहेर पाठवा, परत आत घ्या आणि दोन ट्री ताडून पाहा. शिवाय चलांना दोन-चार किमती देऊन दोन्हींची उत्तरं काढा. त्यात एक ऋण किंमत हवीच, कारण सुटलेले कंस बहुतेक वेळा तिथेच उघडे पडतात.