सर्वतोभद्र मांडताना: रेघा १९, घरं ३२४

मंडळ म्हणजे वर्तुळ, तरी अनंतव्रताच्या उद्यापनाला चौरंगावर मांडतात ते सर्वतोभद्र मंडळ, म्हणजे घराघरांत रंगीत धान्य भरून केलेली पूजेची आकृती, बाहेरून चौकोनीच. गोल असतं पोटातलं अष्टदल कमळ. तिथे ब्रह्मदेव, तिथेच कलश. लोकपाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, आठ दिशांना.

किमान ६० सेंमीचा चौरंग घ्या. वर खळ दिलेलं पांढरं कापड ताणून बसवा. गुळगुळीत पॉलिशवर दाणे घसरतात. ३ सेंमी अंतराने पेन्सिलीने उभ्या १९, आडव्या १९ रेघा ओढा. सगळे चुकतात ते इथेच: घरं १८ म्हणून रेघाही १८ ओढतात, मग घरं १७ होतात आणि मधली सोळा कुठली ते सापडत नाही.

मधल्या १६ घरांत कमळ. दहाव्या रेघा छेदतात तिथे कंपास टेकवून ६ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, आत कर्णिका, म्हणजे कमळाचा मधला गोल. पाकळ्यांची टोकं चार दिशांना आणि चार कोपऱ्यांकडे. कर्णिका पिवळी, पाकळ्यांचा रंग मात्र भटजींना आधीच विचारा. कमळाभोवतीची २० घरं पिवळी, ती परिधी. प्रत्येक कोपऱ्यातलं घर आणि त्याला लागून असलेली दोन पांढरी, हा खंडेंदू. तिथून तिरकी आत येणारी पाच काळी घरं म्हणजे शृंखला. तिच्या दोन्ही अंगांनी ११-११ हिरव्या घरांची वल्ली चढते, तिला लागून ९ तांबड्या घरांचं भद्र. प्रत्येक बाजूच्या मधोमध उरतात ती २४ पांढरी घरं, वापी. बाहेरून तीन रेघा: पांढरी, तांबडी, काळी, सत्त्व, रज, तम.

धान्य साधारण असं लागतं: तांदूळ ३०० ग्रॅम, सालीची मुगाची डाळ २५०, मसूर डाळ २००, चणाडाळ १००, काळे तीळ ६०. अख्खे मूग-उडीद गडगडतात, ते नकोत. तांदूळ सुरय, म्हणजे न उकडलेले, घ्या. उकडे तांबूस दिसतात, शिवाय पूजेला चालत नाहीत. हळद-कुंकवाने रंगवलेले तांदूळ भाद्रपदातल्या दमट हवेत वाळत नाहीत, कापडाला डाग पाडतात.

भरायला मधून सुरुवात करा, कडेला शेवटी या. उलट केलंत तर मनगटाने भरलेलं पुसलं जातं. पंखा बंद. कडा जाड पुठ्ठ्याच्या पट्टीने सरळ करा. कलशाचा तळ १२ सेंमीपेक्षा रुंद नको, नाहीतर परिधीची डाळ वल्लीत सरकते.