प्रवासात प्रकृती कशी सांभाळावी

प्रवासात पोट बिघडले की सर्वप्रथम संशय येतो तो पाण्यावर, आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. मात्र प्रवासातील कित्येक दुखण्यांची पूर्वतयारी प्रवासी स्वतःच करून ठेवतो. निघण्याच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत सामान भरणे, वाटेत सारखे उठावे लागू नये म्हणून पाणी पिण्याचे टाळणे, अवेळी खाणे आणि पोहोचल्याच्या दिवशीच सगळे पाहून घेण्याचा हट्ट धरणे, या सर्वांमुळे शरीर थकते आणि मग एरवी सहज सोसले असते ते बाधते. त्यामुळे कार्यक्रम आखतानाच पहिला दिवस मोकळा ठेवावा. औषधांच्या पिशवीइतकाच या मोकळ्या दिवसाचा उपयोग होतो, असे माझे मत आहे.

परदेशी किंवा अपरिचित हवामानाच्या प्रदेशात जायचे असल्यास निघण्यापूर्वी ४ ते ६ आठवडे डॉक्टरांना भेटावे. लसीचा परिणाम दिसायला वेळ लागतो आणि काही लसींच्या एकाहून अधिक मात्रा ठरावीक अंतराने घ्याव्या लागतात, म्हणून एवढी आधी भेट हवी. पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होते. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या व्यक्ती आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांनी तर या भेटीवाचून निघूच नये. एखादी दाढ अधूनमधून ठणकत असेल तर तीही याच वेळी दाखवून घ्यावी, कारण परक्या गावी मध्यरात्री दंतवैद्य शोधत फिरण्यासारखा मनस्ताप नाही.

नेहमीची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पुरतील इतकी घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीतच ठेवावीत. मोठे सामान हरवू शकते, उशिरा येऊ शकते; शिवाय विमानाच्या मालकक्षात तापमान फार खाली गेल्यास इन्शुलिन गोठून निकामी होते. गोळ्या पट्टीतून काढून डबीत एकत्र करू नयेत. पट्टीवरचे नाव आणि मुदत शाबूत राहिली पाहिजे, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. त्या चिठ्ठीवर कंपनीने दिलेल्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही लिहून घ्यावे, कारण कंपन्यांची नावे देशागणिक बदलतात, मूळ नाव मात्र कुठल्याही औषधविक्रेत्याला कळते. कोडीन असलेली खोकल्याची किंवा वेदनाशामक औषधे काही देशांत परवानगीशिवाय नेता येत नाहीत, तेव्हा तेथील नियम आधीच पाहून ठेवावेत.

प्रत्यक्ष वाटचालीत सर्वांत दुर्लक्षित धोका म्हणजे तासन्‌तास एका जागी बसणे. ४ तासांपेक्षा जास्त वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यास पोटऱ्यांमधील रक्ताचा प्रवाह मंदावतो आणि खोलवरच्या शिरेत गुठळी होण्याची शक्यता वाढते. निरोगी माणसात हा धोका थोडाच असतो. परंतु पूर्वी गुठळी झालेली असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, गरोदरपण असेल किंवा संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील तर तो गांभीर्याने घ्यावा आणि घट्ट पायमोजे वापरावेत का, हे डॉक्टरांना विचारावे. इतरांनी दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे, ते शक्य नसेल तर बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत. विमानातील हवा अतिशय कोरडी असल्यामुळे पाणी थोडे थोडे पीत राहावे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या आसनावर बसून दूरच्या क्षितिजाकडे पाहावे, पुस्तक आणि मोबाइल मिटून ठेवावा, आणि गोळी घ्यायची असेल तर ती निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

आता पाण्याकडे वळू. खात्री नसलेले पाणी खळखळून उकळी फुटल्यावर पुढे १ मिनिट उकळत ठेवावे. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी पाणी कमी तापमानालाच उकळते, म्हणून तेथे ३ मिनिटे उकळावे. बाटलीबंद पाणी घेताना झाकणाची कडी आपल्या हाताने तुटली पाहिजे. झाकण आधीच सैल फिरत असेल तर ती बाटली परत करावी. पाण्याची एवढी काळजी घेणारी माणसेही बर्फ घातलेले पेय निर्धास्तपणे पितात आणि नळाच्या पाण्याने चूळ भरतात, हे नवलच आहे. अन्न वाफाळते, नुकतेच शिजवलेले असावे. कोमट होऊन मांडून ठेवलेले पदार्थ दिसायला कितीही चांगले असले तरी टाळावेत. फळे आपण स्वतः सोलून खावीत. जेवणापूर्वी साबणाने निदान २० सेकंद हात धुवावेत. ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले द्रव सोयीचे असते, पण नोरोव्हायरससारख्या काही जंतूंवर ते नीट चालत नाही, त्यामुळे पाणी आणि साबण मिळत असताना त्यांनाच पसंती द्यावी.

इतके करूनही जुलाब लागू शकतात. अशा वेळी औषधाच्या आधी जलसंजीवनीचा विचार करावा. आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांच्या साहाय्याने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शरीरात ओढले जाते. म्हणूनच नुसते पाणी किंवा नुसते गोड सरबत तितके उपयोगी पडत नाही. पुडी फोडण्यापूर्वी तिच्यावरील मजकूर वाचावा, कारण काही पुड्या १ लिटर पाण्यासाठी असतात तर काही २०० मिलिलिटरसाठी, आणि लहान पेल्यात मोठी पुडी रिकामी केल्यास मिश्रण घातक ठरेल इतके तीव्र होते. संपूर्ण पुडी सांगितलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ढवळावी, अर्धी पुडी अंदाजाने वापरू नये, आणि २४ तासांनंतर उरलेले मिश्रण टाकून द्यावे. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ मापापेक्षा जास्त पडू देऊ नये. उलटी होत असेल तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पाजावे.

जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडसारख्या गोळ्या लांबच्या बसप्रवासात मोहात पाडतात, पण ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर त्या घेऊ नयेत, आणि लहान मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नयेत. प्रतिजैविके प्रत्येक जुलाबाला लागत नाहीत. रक्त, मोठा ताप, न थांबणाऱ्या उलट्या, कित्येक तास लघवी न होणे किंवा ती अगदी गडद होणे, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टर गाठावा.

उंच पर्वतांतील प्रवासाला वेगळेच नियम लागू होतात, आणि तेथे धडधाकट तरुणच अधिक फसतात, कारण ते भरभर चढतात. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा अधिक वर जाऊन आले तरी चालते, झोपायचे ठिकाण मात्र खाली हवे. डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा किंवा चक्कर जाणवल्यास तेथेच थांबावे आणि बरे वाटेपर्यंत वर पाऊल टाकू नये. सोबतच्या माणसाविषयी शंका आली तर त्याला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटे लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. तो झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा बसल्या जागी त्याला धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याला खाली उतरवावे, एकटे सोडू नये. ॲसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध घ्यायचे असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने चढाईच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात. परंतु ते सावकाश चढण्याला पर्याय नाही.

डासांच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो आणि डेंग्यूचा दिवसा, म्हणजे केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. आधी उन्हाचे मलम, मग डास पळवणारे द्रव, या क्रमाने लावावे. कुत्रा, माकड किंवा वटवाघूळ चावले अथवा त्यांनी ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जावे, जखम किरकोळ दिसत असली तरीही. अनोळखी रस्त्यांवरचे अपघात हा अशा अनेक रोगांपेक्षा मोठा धोका आहे. भाड्याच्या दुचाकीवर हेल्मेट आणि मोटारीत पट्टा, मागच्या आसनावरही, यात सवलत घेऊ नये.

परतल्यावरही मलेरियाच्या गोळ्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवाव्यात. औषधाच्या प्रकारानुसार ही मुदत ७ दिवस ते ४ आठवडे असते. घरी आल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर तो हवापालटाचा म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि विचारण्याची वाट न पाहता आपण कोठे व केव्हा गेलो होतो, कोणत्या लसी व गोळ्या घेतल्या आणि त्यांपैकी किती चुकल्या, हे सांगावे.