कोड ऑफ कंडक्ट लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? मग आधी भंगाराच्या काट्यावर जाऊन या

भोसरी-चाकणच्या आमच्यासारख्या दीडशे माणसांच्या कंपनीत हे काम येतं कसं, तर एक दिवस मोठ्या कस्टमरचा मेल येतो की सप्लायर कोड ऑफ कंडक्ट (म्हणजे माल पुरवणाऱ्याने कसं वागायचं त्याचे लेखी नियम) जोडलाय, सही-शिक्का करून पाठवा आणि तुमचा स्वतःचा कोडही पाठवा. मालक तो मेल एचआरला ढकलतात, एचआर अकाउंट्सला, आणि शेवटी ज्याचं इंग्लिश बरं त्याच्या टेबलावर येऊन पडतो. माझ्या पडला. पर्चेसमध्ये सोळा वर्षं काढली होती त्यामुळे काय काय चालतं ते सगळं माहीत, पण लिहायचं कसं ते माहीत नव्हतं, म्हणून नेटवरून एका बड्या कंपनीचा कोड उचलला, नाव बदललं आणि फ्रेम करून रिसेप्शनला लावला. कोणी वाचला नाही. एका ठिकाणी त्या कंपनीचं नाव तसंच राहून गेलं होतं, ते आठ महिन्यांनी कस्टमरच्या ऑडिटरने बोट ठेवून दाखवलं. तर हे करू नका.

आधी एक समजून घ्या, तुमच्या कंपनीत नीती आधीच आहे, फक्त लिहिलेली नाही. ती येते बहुतेक मालकाच्या घरातून. लक्ष्मीपूजनाला वहीवर शुभ-लाभ लिहिणारा, पण त्यातलं शुभ आधी का येतं ते पोरांना सांगणारा बाप असेल तर एक तऱ्हा, आणि व्हेंडरचं पेमेंट जितकं लांबवता येईल तितकं लांबवणं म्हणजे हुशारी असं मानणारा असेल तर दुसरी. जमशेदजी टाटांनी नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू केली, तिथे कामगारांना पेन्शन फंड १८८६ ला दिला. पुढे जमशेदपूरच्या कारखान्यात ८ तासांची पाळी १९१२ ला आली, आणि तेव्हाचा १९११ चा फॅक्टरी कायदा कापड गिरणीतल्या पुरुषाला दिवसाला १२ तास राबवायची मुभा देत होता. टाटांचा लेखी कोड ऑफ कंडक्ट कधीचा? १९९८ चा! आधी वागणं, मग कागद.

दुसरं उगमस्थान म्हणजे कायदा, आणि कायदा बहुतेक वेळा कोणीतरी पोळल्यावरच येतो. राजस्थानच्या भंवरीदेवीवर १९९२ ला अत्याचार झाला, त्यातून कामाच्या जागी बायकांचा लैंगिक छळ रोखण्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ ला, आणि त्यावरून त्याच विषयाचा पॉशचा कायदा थेट २०१३ ला. १० किंवा जास्त माणसं असतील तर अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, अध्यक्ष सीनियर बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, बाहेरचा एक सदस्य हवा. नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. हे झालं नसेल तर आजच करा, यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

आता मुख्य गोष्ट. एन्रॉन ही अमेरिकन कंपनी आपल्याला गुहागरच्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे माहीत, १९९५ च्या निवडणुकीत ती अरबी समुद्रात बुडवायची भाषा झाली होती. त्या एन्रॉनचा २००० सालचा कोड ऑफ एथिक्स ६४ पानांचा होता, सुरुवातीला चेअरमन केनेथ ले यांची प्रस्तावना. आणि गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, १९९९ ला, संचालक मंडळाने सीएफओ (पैशांचा कारभार बघणारा प्रमुख) अँड्र्यू फास्टोला कोडमधून सूट दिली होती, म्हणजे कंपनीचा सीएफओ स्वतःच्याच भागीदारी फर्ममधून कंपनीशी सौदे करू शकेल, तेही ठराव करून, अगदी रीतसर. डिसेंबर २००१ ला कंपनीचं दिवाळं. त्यामुळे मी आता कुठल्याही कंपनीचा कोड बघताना नियम वाचत नाही, सूट कोणाला मिळते ते विचारतो.

तर कामाला लागा. कॉम्प्युटर बंद करा आणि दोन आठवडे फक्त फिरा. पैसा हातातून हातात जातो अशा जागांची यादी करा: भंगार, पर्चेस, ट्रान्सपोर्ट, लेबर ठेकेदार, कँटीन, सरकारी ऑफिसची कामं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा, 'इथला नियम काय, आणि तो कोणाला लागू नाही?' लोक सांगतात हो, चहाच्या टपरीवर तर न विचारता सांगतात.

भंगारापासून सुरुवात करा, कारण तिथे सगळ्यात जास्त गळतं आणि कोणाचंच लक्ष नसतं. भंगारवाल्याची गाडी आधी रिकामी काट्यावर चढते, तेव्हा तिच्यात दोन माणसं बसलेली असतात आणि मागे पाण्याचा ड्रम, भरून परत येताना माणसं उतरलेली आणि ड्रम रिकामा, झालं, प्रत्येक फेरीला शंभर-दोनशे किलो माल फुकट. किंवा खाली पितळ आणि वर लोखंडाचा टर्निंग, म्हणजे लेथवरचा कीस. यावर 'आम्ही प्रामाणिकपणाला महत्त्व देतो' असं वाक्य लिहून काय होणार? लिहायचं ते असं: दोन्ही वजनं बाहेरच्या काट्यावर, गाडीत फक्त ड्रायव्हर, दोन्ही वेळी मागचा भाग उघडून फोटो, स्लिपवर स्टोअर, सिक्युरिटी आणि अकाउंट्स अशा तिघांच्या सह्या, पैसे बँकेत आल्याशिवाय गेटपास नाही. दर तीन महिन्यांनी नवीन कोटेशन. आमच्याकडे हे लागू केल्यावर जुना भंगारवाला दुसऱ्याच महिन्यात आपणहून यायचा बंद झाला, यावरून काय ते समजा.

दिवाळी गिफ्टचं तसंच. आकडा टाका आणि तो लहान ठेवा. आम्ही ठरवलं की मिठाईचा डबा, डायरी, कॅलेंडर चालेल, पण जे काही येईल ते रिसेप्शनला जमा आणि भाऊबीजेनंतर सगळ्यांत चिठ्ठ्या टाकून वाटायचं. पहिल्या वर्षी पर्चेसवाले (म्हणजे मीच) जाम चिडले होते. चांदीचं नाणं आलं तर पत्रासोबत परत, आणि त्या पत्राची कॉपी फाइलला.

व्हेंडरचं पेमेंट हाही एथिक्सचाच विषय आहे, कोणी म्हणत नाही पण आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने लहान व्हेंडरला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आपला कस्टमर आपल्याला रडवतो म्हणून आपण खालच्याला रडवायचं, ही साखळी निदान आपल्या टोकाला तरी तोडता येते.

सरकारी ऑफिसचं 'चहापाणी' हा सगळ्यात अवघड भाग, आणि इथे कोड लिहिणारे गोलगोल लिहून सुटतात. सरळ लिहा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार, आणि कंपनीच्या वतीने एजंटने दिली तरी कंपनी अडकते, मग बचाव एकच की आमच्याकडे हे रोखायची पुरेशी यंत्रणा होती, म्हणजे तुमचा हा कागद तिथे कामाला येतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायचं. एसीबीचा (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा) १०६४ नंबर नोटीस बोर्डला लावा. एजंटच्या बिलात 'मिसलेनियस' नावाची ओळ दिसली की बिल परत.

तक्रार कुठे करायची हे पण लिहा. लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेली) कंपनी असेल किंवा बँकांचं कर्ज ५० कोटींच्या वर असेल तर अशी व्यवस्था कायद्यानेच लागते, आपल्यासारख्यांना नाही, तरी करा. कँटीनजवळच्या तक्रारपेटीच्या नादाला लागू नका, वर कॅमेरा असतो आणि किल्ली एचआरकडे. आम्ही कंपनीबाहेरच्या सीएचा मेल आयडी आणि नंबर दिला, मालकाविरुद्धची तक्रार असली तरी तिथेच. पहिल्या वर्षी तीन तक्रारी आल्या, त्यातल्या दोन कँटीनच्या आमटीच्या.

शेवटचं काम म्हणजे नातेवाइकांचं रजिस्टर. प्रत्येकाने वर्षातून एकदा लिहून द्यायचं की आपला कोण नातेवाईक या कंपनीशी धंदा करतो. इथे कंपनी कायद्याची व्याख्या जशीच्या तशी उचलू नका, त्या यादीत जावई आहे पण मेव्हणा नाही, आणि आपल्याकडे ट्रान्सपोर्टचं कॉन्ट्रॅक्ट असतं कोणाकडे? पहिला फॉर्म मालकाकडून भरून घ्या, त्याशिवाय दुसऱ्या कोणाला देऊच नका. मी फॉर्म केबिनमध्ये नेला तेव्हा साहेब दोन मिनिटं गप्प बसले, मग पेन काढून मेव्हण्याचं नाव लिहिलं आणि म्हणाले, 'आता काय करायचं याचं?' मी म्हटलं, अजून दोन ट्रान्सपोर्टरकडून रेट मागवू. मागवले. काम मेव्हण्याकडेच राहिलं, रेट मात्र उतरला.