कामावरच्या माणसाचा फोटो

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा लिलाव चालू असताना हमालाला "जरा इकडे बघा" म्हणू नका, त्याच्या पाठीवर ओझं असतं. आधी चहा घ्या, परवानगी मागा. मी पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवतो.

नागपूरच्याच इतवारी बाजारातल्या अंधाऱ्या दुकानात फ्लॅश नको. कारागिराला दाराकडे तोंड करून बसवा. ५० एमएम लेन्स, लेन्सचं छिद्र एफ/४, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००. हात भरभर चालत असतील तर १/२५०. फोकस जवळच्या डोळ्यावर. छिद्र मोठं उघडून एफ/१.८ ठेवायचा मोह मला अजूनही होतो, पण त्यात हातातली फुंकणी धूसर होते, आणि सोनार तर तिच्यावरूनच ओळखू येतो.

मे महिन्यात दुपारी उन्हात कुणाला उभं करू नका. प्रिंट मात्र नेऊन द्याच. एका सावजी भोजनालयातल्या काकूंनी मी काढलेला त्यांचा फोटो मसाल्याच्या डब्यांवर लावलाय.